‘तोच’ की ‘तसा’?

२०१८च्या मार्चमध्ये इरफान खानने आपल्याला ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा हा जोडशब्द आपल्याकडे बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला. ‘न्यूरो’ म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात आधी मेंदू आला. न्यूरो म्हणजे दर वेळी मेंदूच असं नाही, हा खुलासा त्यालाच करावा लागला. तो अगदी बरोबर होता, व्युत्पत्तीच्या अंगानेही. ग्रीक ‘न्यूरॉन’चा जुना अर्थ कंडरा, तात, धनुष्याची दोरी. मेंदूतून निघणारे तंतू तसेच दिसतात म्हणून तो शब्द पुढे त्यांच्याकडे गेला. संस्कृत ‘स्नायु’ याच कुळातला. आता गंमत बघा: हिंदीने ‘स्नायु’ मज्जातंतूंना दिला, तर मराठीने मांसाला. त्यामुळे ‘स्नायु तंत्र’ हा हिंदी शब्द वाचून मराठी माणूस दंड फुगवतो.

‘पेशी’ची कथा याहून घोटाळ्याची. सुश्रुतसंहितेत शरीरातले ९०० स्नायू आणि ५०० पेशी मोजल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर आणि पेशी म्हणजे मांसाचे गठ्ठे. हिंदीतली पेशी आजही मांसातच आहे, ‘मांसपेशी’. मराठीत मात्र ती आक्रसत आक्रसत सूक्ष्मदर्शकाखाली गेली. रॉबर्ट हुकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिलेल्या खोल्यांना ‘सेल’ म्हटलं होतं. त्या सेलला आपण पेशी म्हणू लागलो आणि हिंदीने कोशिका म्हटलं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातली जी राष्ट्रीय संस्था देशभरच्या संशोधकांसाठी पेशींचा साठा सांभाळते, तिच्या हिंदी नावातही ‘कोशिका’च आहे. सुश्रुताचा आकडा आजच्या मराठी अर्थाने घेतला, तर माणसापेक्षा प्रयोगशाळेतला मिलिमीटरभर लांबीचा कृमी श्रीमंत ठरेल. त्याच्याकडे निदान हजाराच्या आसपास पेशी असतात.

पण इरफानमुळे आपल्या कानावर आलेल्या नावाच्या मागे आणखी एक जुनं नाव आहे, आणि खरी गोष्ट त्याची आहे. म्युनिकचे विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांना शवविच्छेदनात लहान आतड्यात काही बारक्या गाठी दिसत. एकाच आतड्यात अनेक, आकाराने चिमुकल्या, कडा नेटक्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कॅन्सरसारख्या दिसत, पण वागायला सभ्य. १९०७ साली त्यांनी त्यांना नाव दिलं ‘कार्सिनॉइड’. ‘कार्सिन’ येतो खेकड्याच्या ‘कार्किनोस’ या ग्रीक शब्दावरून. आपल्या ‘कर्करोगा’तला कर्कही तोच प्राणी. शेवटचा ‘ऑइड’ येतो ‘आयडॉस’वरून, म्हणजे रूप, दिसणं. ज्या धातूपासून हा आयडॉस झाला त्याचंच संस्कृत भावंड म्हणजे ‘विद्’, ज्यातून वेद आणि विद्या आल्या. ग्रीकांनी पाहण्यातून ‘दिसण्या’पुरतं घेतलं, आपण ‘जाणण्या’पर्यंत गेलो. कार्सिनॉइड म्हणजे कॅन्सरसारखा दिसणारा. म्हणजे कॅन्सर नव्हे.

इथेच नावाने घोळ घातला. ओबर्नडॉर्फरना स्वतःला पुढे कळलं की यातल्या काही गाठी पसरतात, यकृतात जातात, माणूस मारतात. १९२९ साली त्यांनी तसं लिहिलंही. पण एकदा चिकटलेलं नाव लेखकाच्या दुरुस्तीला जुमानत नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३३ मध्ये, ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली. ते इस्तंबूलला गेले, तिथल्या विद्यापीठात शिकवलं आणि १९४४ साली तिथेच वारले. कार्सिनॉइड मात्र पाठ्यपुस्तकांत ‘सभ्य’ म्हणूनच नांदत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने २०००पासून या शब्दाला हळूहळू बाजूला सारलं आणि ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ पुढे आला. चेतापेशींच्या खुणा बाळगणाऱ्या आणि संप्रेरकं स्रवणाऱ्या पेशींची गाठ, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांच्या तोंडी आजही कधीमधी कार्सिनॉइड येतोच. माझ्या मते तो शब्द सुंदर होता. त्याला फक्त आपल्या आकाराहून मोठं आश्वासन द्यायला लावलं गेलं.

आता या गाठी अभ्यासायच्या कशा? औषध आधी माणसावर नको, म्हणून आधी बशीत वाढवलेल्या पेशींवर. त्यासाठी हवी ‘सेल लाइन’, म्हणजे एका रोग्याच्या गाठीतून काढलेल्या आणि पिढ्यान्पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी. ‘लाइन’चं मूळ लॅटिन ‘लिनम’मध्ये, अळशीच्या झाडात. अळशीचा धागा, धाग्याची रेघ आणि रेघेवरून घराण्याची परंपरा. मराठीत आपण ‘पेशीवंश’ म्हणू शकतो, कारण वंश म्हणजे मुळात बांबू. पेराला पेर फुटत जातं, त्यावरून कुळाची परंपरा. दोन्ही भाषांनी घराण्यासाठी वनस्पतीच निवडली. बांबूचा दाखला मला जास्त पटतो, कारण पेशीवंशालाही पेरं असतात. बशी भरली की पेशी सोडवायच्या, थोड्या नव्या बशीत घालायच्या. प्रयोगशाळेतली मुलं म्हणतात, ‘आज सेल्स स्प्लिट केल्या’. दर वेळी या खेपेचा, म्हणजे ‘पॅसेज’चा, आकडा एकाने वाढतो आणि बशीवर लिहिला जातो.

अडचण या रोगाच्याच स्वभावात आहे. लहान आतड्यातली ही गाठ संथ असते, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. बशीतही ती संथच राहते आणि बहुधा मरून जाते. त्यामुळे जे वंश जगले ते मोजके. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गचा ‘गॉट-१’ (नावातच गावाचं नाव), ऑस्ट्रियातला ‘केआरजे-१’, आणि एकाच रोग्यापासून केलेले तीन: मूळ गाठीचा ‘पी-एसटीएस’, लसिकाग्रंथीतला ‘एल-एसटीएस’, यकृतातला ‘एच-एसटीएस’. एकाच रोगाच्या तीन मुक्कामांचे तीन वंश! संशोधकाला याहून काय हवं? पहिलं अक्षर वाचलं की पत्ता कळतो. स्वादुपिंडातून आलेले ‘बॉन-१’ आणि ‘क्यूजीपी-१’ धरले तर सात.

२०१८ साली, म्हणजे इरफानच्या निवेदनाच्याच वर्षी, गॉथेनबर्गच्या गटाने हे सातही वंश एकत्र तपासले. प्रथिनं पाहिली, गुणसूत्रं मोजली, जनुकं वाचली. चौघे खरे निघाले. केआरजे-१, एल-एसटीएस आणि एच-एसटीएस हे तिघे आतड्यातल्या गाठीचे नव्हतेच. ते होते लिम्फोब्लास्टॉइड, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे वंश. (पुन्हा ऑइड!) असे वंश तयार होण्याचा रस्ता माहीत असलेला आहे. गाठीच्या तुकड्यात रोग्याच्या पांढऱ्या पेशीही येतात. त्यातल्या बी-पेशींत एपस्टीन-बार विषाणू असला, आणि तो कोट्यवधी माणसांत गुपचूप असतो, तर त्या बशीत अमर होतात. गाठीच्या संथ पेशी मागे पडतात आणि या भराभर वाढतात. फ्लास्कमध्ये त्या तळाला चिकटत नाहीत, द्राक्षांच्या घोसासारख्या गुच्छ करून तरंगतात, आणि गुलाबी पोषकद्रव (मीडियम) चटकन पिवळा पाडतात, कारण त्या आम्ल सोडतात. बाटलीवरचं नाव मात्र आतड्यातल्या गाठीचंच राहतं.

अशा वंशांना ‘बहुरूपी’ म्हणता येईल, पण आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे: तोतया. पानिपतात पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असा दावा करणारा जो इसम उभा राहिला आणि ज्याला १७७६ साली देहान्त शासन झालं, त्याच्यावरून हा शब्द घराघरात गेला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. बहुरूपी आपण सोंग घेतलंय हे कबूल करतो, तोतया करत नाही. पेशींच्या बाबतीत तोतया ओळखणं आणखी अवघड. नेहमीची कसोटी म्हणजे डीएनएचा ठसा रोग्याच्या डीएनएशी जुळवणं. पण पांढरी पेशी त्याच रोग्याची असेल तर ठसा जुळणारच! माणूस बरोबर, अवयव चुकीचा. म्हणून ती पेशी कोणाची आहे एवढ्यावर भागत नाही, ती काय काम करते तेही विचारावं लागतं. या गाठीच्या खऱ्या पेशीने सेरोटोनिनसारखी संप्रेरकं बनवली पाहिजेत, तिच्यात क्रोमोग्रॅनिन हे प्रथिन दिसलं पाहिजे.

या तिघांवर वर्षानुवर्षं औषधं तपासली गेली, लेख निघाले. ते लेख मागे घेतले जावेत की नुसते सावधपणे वाचावेत, यावर मतं वेगळी असतील. मला ते सावधपणे वाचणं पुरेसं वाटत नाही, कारण पुढचा विद्यार्थी शीर्षक वाचतो, तळटीप नाही.

खऱ्या वंशांची उणीव आता वेगळ्या मार्गाने भरली जाते आहे. २००९ साली हॉलंडमधल्या यूट्रेक्टमध्ये, हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत, उंदराच्या आतड्यातल्या एका मूळपेशीपासून जेलीत वाढणारी चिमुकली आतडी उगवली. ती ‘ऑर्गनॉइड’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या कामाचे पहिले लेखक तोशिरो सातो पुढे टोकियोच्या केओ विद्यापीठात होते. तिथल्या गटाने २०२० साली पचनमार्गाच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींचे २५ ऑर्गनॉइड वंश जगासमोर ठेवले. त्यातही जलद वाढणाऱ्या कर्करोगाचे जास्त, संथ गाठींचे थोडे. रोगाचा स्वभाव इथेही आड येतोच. पण या ‘ऑइड’मध्ये एक प्रामाणिकपणा आहे. ते अवयव आहे असं म्हणत नाही, अवयवासारखं आहे म्हणतं.

मराठीत त्याला काय म्हणावं? गणितात स्फिरॉइडला आपण ‘गोलाभ’ म्हणतो, म्हणजे ‘ऑइड’ला ‘आभ’ हा प्रत्यय तयार आहे. त्या हिशेबाने ‘अवयवाभ’. ‘अवयवसदृश’पेक्षा आटोपशीर, आणि आभास हा शब्द त्यात अर्धा डोकावतो. परिभाषेच्या कोशात तो शोभेल. इनक्युबेटरसमोर उभी असलेली मुलगी मात्र ‘ऑर्गनॉइड्सचं मीडियम बदललं का?’ असंच विचारणार, आणि तिला थांबवायला मी जाणार नाही.