लिनक्सवरील कॅड प्रणाली

लिनक्सवरील कॅड प्रणाली : लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारी संगणकसाहाय्यित आरेखनाची, म्हणजेच कॅडची, सॉफ्टवेअर. यंत्रांचे भाग, इमारती, विद्युतमंडले यांची मापबद्ध ड्रॉइंग आणि त्रिमितीय प्रतिरूपे त्यांवर तयार करतात. कारखान्यांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत रुळलेल्या ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. त्यामुळे लिनक्स वापरणारा बहुधा ऑटोकॅडसारखे दिसणारे काहीतरी शोधू लागतो आणि तिथेच वाट चुकते. काम सपाट ड्रॉइंगचे आहे की घन प्रतिरूपाचे, आणि तयार फाइल पुढे कोणाकडे जाणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी हवीत.

ही उणीव मुळापासूनची नाही. १९८० च्या दशकात मोठ्या कंपन्यांतले कॅड यूनिक्स वर्कस्टेशनवर चाले. प्रो-इंजिनिअर हे त्रिमितीय कॅड १९८८ मध्ये यूनिक्सवर आले. १९८२ साली वैयक्तिक संगणकासाठी निघालेल्या ऑटोकॅडच्याही पुढे यूनिक्स आवृत्त्या होत्या. नव्वदच्या दशकात विंडोजचे साधे संगणक या कामाला पुरेसे ताकदवान झाले. सॉलिडवर्क्स १९९५ मध्ये केवळ विंडोजसाठी आले आणि १९९७ च्या ऑटोकॅड १४ ने यूनिक्सचा निरोप घेतला. लिनक्सची १.० आवृत्ती १९९४ ची. यूनिक्सच्या वळणाची मुक्त कार्यप्रणाली स्वस्त संगणकांवर पोचत होती, नेमक्या त्याच वर्षांत कॅडचा व्यवसाय यूनिक्सपासून दूर गेला.

निवडीतला सर्वांत अवघड भाग फाइलींचा आहे. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी ही फाइलरचना त्याच्या निर्मात्या ऑटोडेस्क कंपनीने खुली केलेली नाही. इतरांनी ती उलगडून वाचायला शिकून घेतली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन डिझाइन अलायन्सचे काम त्यासाठीच सुरू झाले, आणि ग्नू प्रकल्पाचे लिब्रेडीडब्ल्यूजीही त्याच हेतूचे आहे. डीएक्सएफ या देवाणघेवाणीच्या रचनेचे तपशील मात्र प्रसिद्ध आहेत, म्हणून लिनक्सवरील बहुतेक द्विमितीय साधने तिच्यावर उभी आहेत. त्रिमितीय प्रतिरूपांसाठी स्टेप हे आयएसओ १०३०३ मानक वापरतात. स्टेपमधून आकार अचूक जातो, पण तो कोणत्या पायऱ्यांनी घडवला ते सहसा जात नाही. छिद्राचा व्यास बदलायचा असेल, तर मिळालेल्या प्रतिरूपात मूळ स्केच सापडत नाही. दुसऱ्या कार्यालयाबरोबर रोज फाइलींची ये-जा असेल, तर सॉफ्टवेअर निवडण्याआधी खरी फाइल दोन्ही दिशांनी नेऊन-आणून पाहावी; वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षा ही चाचणी अधिक सांगते.

निव्वळ द्विमितीय ड्रॉइंगसाठी क्यूकॅड आणि त्याच्या मुक्त आवृत्तीतून फुटून निघालेले लिब्रेकॅड ही हलकी, लवकर अंगवळणी पडणारी साधने आहेत. लेयर, ब्लॉक, डायमेन्शन या ओळखीच्या सोयी दोन्हींत आहेत. लिब्रेकॅड डीडब्ल्यूजी काही प्रमाणात वाचते, पण त्यात साठवू शकत नाही; क्यूकॅडमध्ये ही सोय पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत मिळते. डीडब्ल्यूजी टाळताच येत नसेल, तर बेल्जियमच्या ब्रिक्सिसचे ब्रिक्सकॅड हा भक्कम पर्याय ठरतो. ते सशुल्क आहे, २०११ पासून लिनक्सवर मिळते, डीडब्ल्यूजीतच काम करते आणि ऑटोकॅडसाठी लिहिलेल्या लिस्प आज्ञावल्या चालवू शकते. विंडोजच्या व्हीबीएवर बेतलेले मॅक्रो मात्र लिनक्सवर चालत नाहीत.

त्रिमितीय कामात फ्रीकॅडचे स्थान पहिले आहे. २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर ओपन कॅस्केड या भूमितीय गाभ्यावर उभे आहे. हा गाभा मात्रा डेटाव्हिजन या फ्रेंच कंपनीने १९९९ मध्ये खुला केला. फ्रीकॅडमध्ये आधी स्केच काढून त्याला मापांची व संबंधांची बंधने घालतात, मग त्यातून घन आकार उभारतात. माप बदलले की आकार बदलतो. या साखळीतच फ्रीकॅडचा जुना दोष होता. घनाच्या कडांना आणि पृष्ठांना मिळणारे क्रमांक आधीच्या पायरीत बदल केल्यावर सरकत, आणि एका पृष्ठावर घेतलेले छिद्र भलत्याच पृष्ठावर जाऊन बसे किंवा पुढची सगळी रचना मोडे. अनेकांनी फ्रीकॅड सोडले ते यामुळेच. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीत हा दोष पुष्कळ आटोक्यात आला आणि सुटे भाग जोडण्याची सोयही मूळ सॉफ्टवेअरमध्ये आली. जुन्या आवृत्तीवरून बनलेले मत म्हणूनच पुन्हा तपासण्याजोगे आहे. डीडब्ल्यूजी फाइल उघडण्यासाठी मात्र फ्रीकॅडला वेगळ्या रूपांतरकाची जोड लागते.

सॉल्व्हस्पेस हे आकाराने अगदी लहान, बंधनाधारित साधन आहे. छोटे भाग आणि यंत्रणांची हालचाल पाहायला ते उत्तम. ओपनएससीकॅडमध्ये आकार माउसने न काढता आज्ञावलीत लिहितात. त्रिमितीय छपाईसाठी ते लोकप्रिय आहे, पण स्टेप फाइल देत नसल्याने यंत्रशाळेत त्याचा उपयोग मर्यादित राहतो. अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत १९७९ पासून घडत आलेले बीआरएल-कॅड २००४ मध्ये मुक्त झाले. ते मुख्यतः विश्लेषणाचे साधन आहे. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालत असल्याने लिनक्सवरही वापरता येते, मात्र त्याच्या विनामूल्य खात्यातील कामे सर्वांना पाहता येतात. ग्राहकाचे गोपनीय काम तिथे ठेवू नये.

विद्युतमंडलांच्या क्षेत्रात लिनक्सवर उणीव जाणवत नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या कायकॅड या मुक्त सॉफ्टवेअरला पुढे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचे पाठबळ मिळाले. पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाने कायकॅड आणि मंडलांचे अनुकरण करणारे एनजीस्पाइस यांच्या आधारे ईसिम हे मंडल-अभिकल्पनाचे साधन तयार केले. त्याच प्रकल्पाचे ऑसडॅग पोलादी बांधकामाच्या जोडांचे आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकानुसार अभिकल्पन करते, आणि त्यातील त्रिमितीय चित्रण ओपन कॅस्केडवर आधारलेले आहे.

लिनक्स वितरणाच्या भांडारातील प्रत पुष्कळदा जुनी असते. त्यामुळे फ्रीकॅडसारखे सॉफ्टवेअर अ‍ॅपइमेज किंवा फ्लॅटपॅक या कोणत्याही वितरणावर चालणाऱ्या स्वरूपात घेणे सोयीचे. विंडोजचे एखादे कॅड अपरिहार्यच असेल, तर विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनवर ते चालेल याची खात्री नसते. आभासी यंत्रात विंडोज ठेवणे अधिक भरवशाचे, मात्र त्यासाठी भरपूर मेमरी लागते आणि मोठी त्रिमितीय प्रतिरूपे तिथे संथ फिरतात.