जुन्या दप्तरातील आपल्या पूर्वजांची नावे



विहाराचा वर्धापन दिन आला की देणगीदारांची नावे फळ्यावर लागतात, स्मरणिकेत छापली जातात. चांगली गोष्ट आहे. पण आपल्यातल्या कुणालाही विचारा, बाबा, तुझ्या आजोबाच्या बापाचं नाव काय? दहापैकी आठ जण गप्प बसतील. यात त्यांचा दोष नाही. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांकडे चोपड्या असतात, त्यात गावोगावच्या घराण्यांच्या सात-सात पिढ्या लिहिलेल्या सापडतात. पण ज्या नाशिकात १९३० साली काळाराम मंदिराचं दार उघडा म्हणून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तिथल्या चोपडीत आपली नावं कोण लिहून ठेवणार? आपल्या माणसांची नावं राहिली ती सरकारी दप्तरात. तीही कुणी मानाने लिहिली म्हणून नव्हे, राबवून घ्यायचं होतं आणि हिशेब ठेवायचा होता म्हणून.

तरीसुद्धा ती तिथे आहेत. ती कशी शोधायची आणि कशी वाचायची, एवढंच या लेखात मांडायचं आहे.

पहिली गोष्ट, दप्तर कुठलं? आपला खानदेश १८१८ साली पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला. तेव्हा तो एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव आणि पश्चिम खानदेशचं धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे जिल्हा अशी नावं मिळाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. हे का सांगतो? कारण आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या गावाचा १९२० सालचा कागद 'पश्चिम खानदेश' या नावाखाली असतो. पोरं नवीन जिल्ह्याच्या नावाने शोधत बसतात आणि "रेकॉर्ड नाही" म्हणून हात हलवत परत येतात.

आपल्या कामाची दप्तरं मुख्यतः तीन. एक म्हणजे गावाची जन्ममृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात आणि जी गाव नमुना चौदा म्हणूनही ओळखली जाते. दुसरं, शाळेचं जनरल रजिस्टर. तिसरं, महार वतनाचे कागद. वतनाचं दप्तर लोक विसरतात, पण पिढ्या जुळवायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. १८७४ साली मुंबई सरकारने वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला. वतनदार कोण, वारस कोण, पाळी कुणाची, हाडोळ्याच्या जमिनीत वाटा कुणाचा, याची नोंद ठेवणं त्यामुळे भाग पडलं. या वतनाच्या बेडीतून माणसं सुटावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली. बेडी तुटली हे उत्तम झालं. पण त्या बेडीची नोंदवही मात्र आज आपल्या वंशावळीची नोंदवही झाली आहे. कधीकाळी गुलामीचा पुरावा असलेला कागद नातवाच्या हक्काचा पुरावा होतो, ही इतिहासाची गंमत आहे.

आता वाचण्याकडे वळू. ही दप्तरं बहुतेक मोडी लिपीत आहेत. मोडी म्हणजे निराळी भाषा नव्हे. भाषा मराठीच, लिपी वेगळी. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाडपंत याच्याकडे परंपरेने तिचं श्रेय दिलं जातं. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोध आणायचं ठरवलं. पण लिहिणाऱ्याचा हात एका हुकुमाने बदलत नाही. त्यानंतरही पुष्कळ वर्षं मोडी चालूच राहिली. काही वह्यांत तर आकडे आणि सही मोडीत आणि मधला मजकूर बाळबोध, अशी खिचडीही दिसते.

मोडी लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढून घेतो आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लोंबवत जातो. दोन शब्दांत जागा सोडत नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वेलांटी एकच, उकार एकच. कागद वाचवायचा आणि वेळ वाचवायचा, एवढाच हिशेब. जुन्या काळातली बोरूने लिहिलेली मोडी त्यातल्या त्यात ठसठशीत असते. इंग्रजी अमदानीतली टाकाने घाईघाईत लिहिलेली मोडी जास्त त्रास देते. आणि नेमकी आपल्याला तीच वाचायची असते.

नाव कसं लिहिलेलं असतं? आडनाव शोधायला जाल तर फसाल. त्या काळी आपल्या लोकांचं आडनाव लिहिण्याची तसदी सहसा कुणी घेत नसे. माणसाचं नाव, बापाचं नाव आणि जात, संपलं. "रामा वलद शिवा महार." वलद म्हणजे मुलगा. काही कागदांत वलदच्या जागी 'बिन' येतो, अर्थ तोच. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' येतं, म्हणजे अमक्याची बायको. भ्रतारचं नुसतं 'भ्र.' लिहिलेलं असतं आणि पोरं ते आडनावाचं आद्याक्षर समजतात. बाईच्या बापाचं नाव या पद्धतीत येतच नाही. म्हणून आईकडची, आजीकडची बाजू शोधायची असेल तर तिच्या माहेरच्या गावचं जन्माचं पुस्तक उघडावं लागतं.

नावामागे 'जी' नाही, 'राव' नाही. पाटलाच्या नावाला जी लागतो आणि त्याच पानावर आपल्या आज्याचं नाव नुसतं रामा, किंवा राम्यासुद्धा. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्या एका अक्षरात कळतं. इतिहासकाराला हाही पुरावाच आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर महार सैनिकांच्या नावापुढे 'नाक' लागलेलं दिसतं. तिकडच्या जुन्या कागदांत असं 'नाक' दिसलं तर ते अक्षर चुकून पडलं असं समजू नका. ती त्या काळची आपल्या लोकांच्या नावाची रीत आहे.

यात आणखी भर आपल्या अहिराणीची. आपल्याकडे ळ चा य होतो. डोळ्याला आपण डोया म्हणतो, काळ्याला काया म्हणतो. ण तर आपल्या तोंडी नच असतो. वर्दी द्यायला गेलेल्या माणसाने सांगितलं 'कायू'. लिहिणारा खानदेशातला असेल तर तो 'काळू' लिहील. बाहेरून बदलून आलेला असेल तर ऐकलं तसं 'कायू' लिहील. पुढे भुसावळच्या रेल्वेत नोकरी लागली की तेच नाव इंग्रजीत जातं आणि तिथून परत मराठीत येताना 'कालू' होतं. इंग्रजीत ल आणि ळ एकच, त आणि ट एकच, न आणि ण एकच. कायू, काळू, कालू ही तीन माणसं नव्हेत, एकच माणूस आहे. आम्ही गिरणीच्या मस्टरवर हेच पाहत आलो. पुकारणारा एक नाव पुकारतो, मस्टरवर दुसरं असतं, घरी तिसरं आणि फंडाच्या कागदावर चौथं. माणूस मात्र साच्यावर एकच उभा!

शब्दांत जागा न सोडल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. घडलेलं आहे, नावं बदलून सांगतो. एका मुलाचं जात पडताळणीचं प्रकरण अडकलं. अर्जासोबतच्या वंशावळीत खापरपणजोबा रामा आणि त्याचा मुलगा सखा असं होतं. मृत्यूच्या नोंदीचं बाळबोध करून देणाऱ्याने 'सखारामा महार' असं लिहून दिलं. झालं! वंशावळीत सखाराम नावाचा माणूसच नाही, म्हणून शंका निघाली. मुलाची ॲडमिशन टांगणीला लागली. मग मूळ पान पुन्हा पाहिलं. त्या लिहिणाऱ्याची सवय अशी की घाईत तो 'वलद' गाळतो आणि मुलाचं व बापाचं नाव सलग लिहितो. त्याच पानावर इतर नोंदीही तशाच होत्या. म्हणजे ते 'सखारामा' नव्हतं, 'सखा रामा' होतं. पण नुसत्या आपल्या म्हणण्याला कोण विचारतो? वतनाच्या कागदात शोध घेतला, तिथे स्वच्छ 'सखा वलद रामा' मिळालं. दोन्ही नकला जोडल्या आणि प्रकरण मार्गी लागलं. एक जागा सोडली नाही म्हणून बाप आणि मुलगा एकाच माणसात मिसळून गेले होते आणि एक अख्खी पिढी नाहीशी झाली होती!

यावरून पद्धत काय ठरते, ते आमच्या तरुणांनी नीट लक्षात घ्यावं.

पान उघडल्याबरोबर आपलं नाव शोधू नका. आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखा. जे शब्द तिथे असणारच हे आपल्याला ठाऊक आहे, ते आधी वाचा. गावाचं नाव, महिन्यांची नावं, 'मुलगा', 'मुलगी', 'वलद', 'महार', मरणाच्या नोंदीत 'ताप', 'देवी', 'पटकी'. त्या ओळखीच्या शब्दांतून त्याचा क, त्याचा र, त्याचा व कसा पडतो ते वहीत काढून घ्या. र तर मोडीत पुढच्या-मागच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, त्याच्याकडे विशेष लक्ष द्या. एवढी बाराखडी हाती आली की मगच नावाला हात घाला. दिसतं ते लिहा, पाहिजे ते लिहू नका. जे अक्षर लागत नाही तिथे टिंब द्या. एकटी ओळ उतरवू नका, वरच्या-खालच्या चार ओळीही उतरवा. सनाकडे पाहा. शके असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन साधारण मिळतो. आणि एका नोंदीवर कधीही समाधान मानू नका. जन्म, शाळा, वतन, या तिन्हींत नाव जुळलं तर तो माणूस आपला.

आणखी एक सांगणं, कळकळीचं. मूळ पानावर पेन टेकवायचं नाही. अक्षर पुसट आहे म्हणून गिरवायचं नाही. शाई वेगळी दिसली की खऱ्या नोंदीवरही खाडाखोडीचा संशय येतो आणि एकाच्या उतावळेपणाने सगळ्या भावकीचं नुकसान होतं. रीतसर अर्ज करा, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, सहीशिक्क्याची नक्कल घ्या.

हा खटाटोप हौसेचा नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि आपण बौद्ध झालो. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावं लागलं. म्हणजे आज आपण बौद्ध आहोत, पण कायद्यापुढे पणजोबाच्या नावापुढचा 'महार' हा शब्द दाखवावा लागतो. काहींना यात कमीपणा वाटतो. मी म्हणतो, कमीपणा कशाचा? जी जात आपण टाकली ती टाकण्याआधी आपल्यावर लादलेली होती, याचा तो कागद साक्षीदार आहे.

तसंच नावांचं. उकर्डू, कचरू, दगडू, धोंडू, भिका, फकीरा ही नावं वाचून पोरं हसतात. मुलं जगत नव्हती तेव्हा जन्मलेल्याला काळाची नजर लागू नये म्हणून आया अशी नावं ठेवत. ती फक्त आपल्यातच नव्हती, इतर समाजांतही होती. १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ, त्या सुमारास आलेला प्लेग आणि १९१८ ची मानमोडी, यांतून जे वाचले त्यांची आपण लेकरं आहोत. उकर्डूच्या घरी पुढे सिद्धार्थ, मिलिंद, संघमित्रा जन्मली. वंशावळीत ही नावं खालीवर लिहून पाहा, धम्मक्रांती म्हणजे काय ते भाषणाशिवाय कळेल.

आणि एक लक्षात घ्या. गावात जन्ममरणाची वर्दी घेऊन जायचा तो आपला माणूस. सगळ्या गावाच्या जन्माचा आणि मरणाचा पहिला निरोप्या तो, पण लेखणी दुसऱ्याच्या हातात. स्वतःच्या लेकराचं नाव सांगितलं आणि समोरच्याने काय लिहिलं ते त्याला वाचता आलं नाही. खाली अंगठा उठवून तो घरी गेला. आज आपल्याला वाचता येतं. मग मोडीच तेवढी परकी का राहावी? २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यात किती मागणी आली ते सर्वांनी पाहिलं. इतिहासाचार्य राजवाडे यांचं निधन १९२६ साली आपल्या धुळ्यातच झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. मोडीचा अभ्यास शिकायला परमुलखात जायची गरज नाही.

म्हणून विहार समितीला आणि उपासक-उपासिकांना माझी सूचना आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास मोडीचा वर्ग घ्यावा. विहारात एक जाड वही ठेवावी आणि प्रत्येक घराने आपल्या पिढ्या त्यात लिहाव्यात, नाव, गाव, साल आणि कुठल्या दप्तरात मिळालं ते. आज्यांना आजच विचारून घ्या, कारण दप्तर उद्याही राहील, म्हातारी माणसं राहणार नाहीत. सुनांच्या आणि लेकींच्या माहेरच्या पिढ्याही लिहा, जुन्या लिहिणाऱ्यांनी गाळलेलं आपण गाळू नये. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला आपण हजारोंनी जातो. तिथे गावोगावचे लोक भेटतात. बरोबर वही न्या, सोयऱ्याधायऱ्यांकडून नावं जुळवून घ्या.

आपली नावं आजवर दुसऱ्यांनी लिहिली, त्यांना वाटली तशी लिहिली. आता ती आपण वाचू आणि यापुढे आपल्या हाताने, सुवाच्य अक्षरात, आडनावासकट आणि मानाने लिहू. एवढंच या वर्धापन दिनी सांगणं आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!