ट्रॅक्टरचं स्टेअरिंग का तडकतं? गव्हाच्या काडापासून एम-सीलपर्यंतची गोष्ट



जुन्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला तडे गेले की आपल्याकडे त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळायची पद्धत आहे. हाताला टोचत नाही, काम भागतं. पण ट्यूबखाली नेमकं काय तुटलंय हे दिसत नाही, आणि धोका तिथंच आहे. यंदा माझ्या जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग दुरुस्त करायला घेतलं, तेव्हा आधी हे चाक बनतं कसं ते समजून घेतलं.

सुरुवातीच्या मोटारींना चाक नव्हतंच. बोटीच्या सुकाणूसारखा एक दांडा असायचा. १८९४ च्या पॅरिस ते रूआँ शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरों याने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवलं. पुढे तीच रीत झाली. पहिली चाकं लाकडी कड्याची होती, आपल्या बैलगाडीच्या चाकासारखीच आरे आणि तुंबा असलेली.

मग आलं कडक रबर. रबरात थोडं गंधक घालून तापवलं की टायरसारखं लवचिक रबर होतं. तेच गंधक तीस टक्क्यांच्या आसपास नेलं की दगडासारखं एबोनाइट होतं. जुन्या बॅटऱ्यांचे काळे डबे आठवा, तोच माल. अमेरिकेत फोर्ड कंपनीने तर मॉडेल टीच्या काळात गव्हाचं काड, रबर आणि गंधक एकत्र दाबून 'फोर्डाइट' बनवलं आणि त्याची स्टेअरिंग केली. म्हणजे आपण जे काड बांधावर जाळतो, त्यावर तिकडं गाड्या वळत होत्या! नंतर प्लास्टिकचे प्रकार आले.

आपल्याकडे देशात ट्रॅक्टर बनायला लागले ते १९५९ पासून. तोपर्यंत आत पोलादी सळईचा सांगाडा आणि वर कडक रबर किंवा प्लास्टिकचं कवच, ही रीत जगभर रुळली होती. तड्याचं मूळ इथंच आहे. उन्हात कवच पोलादापेक्षा कित्येक पट जास्त फुगतं आणि रात्री तेवढंच आखडतं. ऊन आणि हवेनं वर्षानुवर्षं ते कडक होत जातं. आतली सळई त्याला आखडू देत नाही, मग ते आडवं तडकतं, बहुतेक वेळा आऱ्याच्या जोडाजवळ. तड्यातून पाणी आत गेलं की सळई गंजते.

म्हणून दुरुस्तीआधी सळई तपासा. तड्याच्या दोन्ही बाजूंना धरून हलकं वाकवून बघा. कडं हललं, कट्‌कट् वाजलं किंवा सळईला खोल गंज दिसला, तर नवीन स्टेअरिंगच घ्या. वेल्डिंगचा टाका मारून चालवू नका. बांध ओलांडताना कडं हातात आलं तर ट्रॅक्टर कुठं जाईल सांगता येत नाही.

सळई धड असेल तर काम सोपं आहे:

१. हेक्सा ब्लेडने आणि कानशीने तडा व्ही आकारात रुंद करा.
२. तारेच्या ब्रशने गंज काढा, थिनरने ग्रीस पुसा, पूर्ण सुकू द्या.
३. एम-सीलसारखं दोन भागांचं इपॉक्सी एकजीव मळून दाबून भरा, थोडं वर ठेवा.
४. एक दिवस हात लावू नका. मग पॉलिश पेपरने घासून रंग मारा.

चाक काढायचं असेल तर आधी खूण करा आणि पुलर लावा. खालून हातोडा मारला तर दाते आणि बेअरिंग खराब होतात.

आणि एक सवय लावून घ्या. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरवर अंगठा आऱ्यांच्या आत अडकवू नका, कड्यावर ठेवा. पुढचं चाक दगडावर बसलं की स्टेअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडतो.

ट्यूब गुंडाळलेलं स्टेअरिंग असेल, तर या उन्हाळ्यात एकदा सोडून बघाच.