सत्तेचाळिसावें गुणसूत्र

मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रें किती, हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ मोजणीचा. परंतु तो सुटेपर्यंत कित्येक निरपराध आईबापांस विनाकारण दोष सोसावा लागला.

इ. स. १८६६ मध्यें इंग्लंडांतील अर्ल्सवूड आश्रमाचे डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनीं मंदबुद्धि मुलांच्या एका विशिष्ट वर्गाचें वर्णन केलें. निरीक्षण नेमकें होतें. उपपत्ति मात्र आम्हांस आज विचित्र वाटते. डोळ्यांची ठेवण पाहून त्यांनीं या मुलांस ‘मंगोल’ ठरविलें आणि कारण म्हणून आईबापांच्या क्षयाकडे बोट दाखविलें. पुढें कोणी उपदंशाचा संशय घेतला. घरांत असें मूल जन्मलें, कीं घराण्याच्या शीलावरच शिंतोडे!

खरें कारण पेशींत होतें. पण तेथील मोजणीच चुकलेली. १९२१ मध्यें पेंटर या अमेरिकन संशोधकास अगदीं स्पष्ट दिसणाऱ्या पेशींत ४६ गुणसूत्रें आढळलीं होतीं. तरी १९२३ सालीं त्यांनीं ४८ हा आंकडा दिला, आणि तो तीसांहून अधिक वर्षें पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसला. १९५६ मध्यें त्यिओ व लेव्हान यांनीं स्वीडनमध्यें ४६ हाच आंकडा सिद्ध केला.

त्या सुमारास पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयांत मार्त गोतिए नांवाच्या डॉक्टरबाई होत्या. पेशी वाढविण्याची विद्या त्या अमेरिकेंत शिकून आल्या होत्या. साधनसामग्री जवळजवळ नव्हतीच. पेशींच्या पोषणासाठीं त्यांनीं एक कोंबडा पाळला. मानवी रक्तद्रव हवा, तर स्वतःचेंच रक्त काढलें. अशा मुलांच्या पेशींत त्यांना ४७ गुणसूत्रें दिसलीं. छायाचित्र घेण्याची सोय नसल्यामुळें काचपट्ट्या सहकारी लजन यांच्या हातीं गेल्या. जानेवारी १९५९ मध्यें निबंध प्रसिद्ध झाला, तो लजन यांचें नांव पुढें घालून; बाईंचें दुसरें, आणि तेंहि चुकीचें छापलेलें! फ्रान्सच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या नीतिसमितीनें त्यांच्या कामाचें मोल मान्य केलें, तें २०१४ सालीं. बाई तेव्हां नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या.

तें जास्तीचें गुणसूत्र २१ व्या क्रमांकाचें. बीजपेशी तयार होतांना त्या जोडींतील दोन गुणसूत्रें विलग व्हावयाचीं तीं कधीं होत नाहींत, इतकेंच. बहुधा हें आईच्या बीजांत घडतें, व वयाबरोबर त्याचा संभव वाढतो; त्यांत क्षयाचा संबंध नाहीं, आचरणाचा नाहीं आणि वंशाचा तर नाहींच नाहीं. तरीहि जुनें नांव सुटेना. १९६१ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं ‘लॅन्सेट’मध्यें त्याविरुद्ध पत्र लिहिलें, १९६५ मध्यें खुद्द मंगोलियानें हरकत घेतली, तेव्हां जागतिक आरोग्य संघटनेनें तें टाकलें.