संरचना आणि गती : काच बनवणाऱ्या द्रवांविषयीच्या विचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
काच हा मानवाच्या परिचयाचा अत्यंत प्राचीन पदार्थ असला, तरी द्रवाची काच होताना नेमके काय घडते, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर विज्ञानाला अद्याप गवसलेले नाही. पाण्याचे बर्फ होते तेव्हा रेणूंची मांडणी बदलते आणि तो बदल क्ष-किरण विवर्तनाने स्पष्ट दिसतो. काचेचे तसे नाही. द्रव स्फटिक न बनता थंड होत गेल्यास त्याची श्यानता सतत वाढते. ती सुमारे १०¹² पास्कल-सेकंद झाली की काचसंक्रमण झाले, असे संकेताने मानतात. सामान्य तापमानाच्या पाण्याची श्यानता सुमारे १०⁻³ पास्कल-सेकंद असते, हे लक्षात घेतल्यास या वाढीची कल्पना येईल. या सर्व काळात अणूंची सरासरी मांडणी मात्र जवळजवळ पूर्वीसारखीच राहते. गती इतकी मंदावते आणि संरचना फारशी बदलत नाही. मग गतीचे कारण संरचनेत शोधावे काय? या प्रश्नाभोवती झालेल्या वैचारिक प्रवासाचे प्रमुख टप्पे प्रस्तुत लेखात तपासले आहेत.

संरचनेचा शोध :
फोगेल (१९२१), फुल्चर (१९२५) आणि टामान व हेसे (१९२६) यांनी श्यानता व तापमान यांचा संबंध दर्शविणारे समीकरण स्वतंत्रपणे मांडले. ते मोजमापांशी चांगले जुळत असले, तरी त्यात अणूंच्या मांडणीचा उल्लेख नव्हता. ती उणीव झकारियासेन यांच्या १९३२ च्या निबंधाने काही अंशी भरून काढली. सिलिका काचेत प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू असतात. असे चतुष्फलक कोपऱ्यांशी जोडले जातात, परंतु स्फटिकातील नियमित पुनरावृत्ती तेथे नसते, असे त्यांनी प्रतिपादिले. वॉरेन यांच्या क्ष-किरण अभ्यासाने या अनियमित जालरचनेला आधार मिळाला. तथापि हे चित्र थिजलेल्या काचेचे होते; वाहणारा द्रव का मंदावतो, याचे उत्तर त्यात नव्हते.

द्रवरूप धातू गोठणबिंदूच्या बरेच खाली द्रवावस्थेत राहू शकतात, हे टर्नबुल यांच्या प्रयोगांनी दाखवले होते. द्रवातील अणूंची मांडणी स्फटिकासारखीच असेल, तर हे घडणे कठीण. १९५२ मध्ये फ्रँक यांनी यावर मार्मिक उत्तर दिले. एका अणूभोवती बारा अणू विंशतिफलकाच्या शिरोबिंदूंवर बसवल्यास त्या समूहाची ऊर्जा दाट स्फटिकी मांडणीतील तेरा अणूंच्या समूहापेक्षा ८.४ टक्क्यांनी कमी भरते. मात्र पंचकोनी सममितीने अवकाश अखंड भरता येत नाही. म्हणजे स्थानिक पातळीवर सोयीची असलेली रचना सर्वत्र पसरू शकत नाही. पुढे बर्नाल यांनी गोळ्यांच्या अनियमित रचाईच्या अभ्यासातून द्रवाच्या भूमितीत पंचकोनी फलकांचे प्राबल्य दाखवून दिले.

एंट्रॉपीचा मार्ग :
दरम्यान वेगळ्या दिशेनेही विचार चालला होता. अतिशीतित द्रवाची एंट्रॉपी स्फटिकापेक्षा वेगाने घटते. तोच कल पुढे वाढवला, तर ती स्फटिकाच्याही खाली जाईल, ही विसंगती कॉझमन यांनी १९४८ मध्ये दाखवली. ॲडम व गिब्ज यांनी १९६५ मध्ये तिच्या आधारे गतीचा सिद्धांत उभारला. तापमान घटते तसे अणूंना उपलब्ध असणाऱ्या विन्यासांची संख्या घटते, एकत्रितपणे हलावे लागणारे समूह मोठे होतात आणि शिथिलनकाल वाढतो. येथे संरचना म्हणजे विशिष्ट आकृती नसून संभाव्य मांडण्यांची संख्या होय. अर्थातील हा बदल महत्त्वाचा आहे. अँजेल यांनी १९८० च्या दशकात द्रवांचे ‘सबळ’ व ‘भंगुर’ असे वर्गीकरण केले. सिलिकासारखा जालबद्ध द्रव सबळ, तर ऑर्थो-टर्फिनाइलसारखा रेणवीय द्रव भंगुर ठरला. रासायनिक बंध व गती यांचे नाते त्यातून ठळक झाले.

वादाचे दोन पक्ष :
१९८४ हे वर्ष या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. ग्योट्झे व त्यांचे सहकारी, तसेच लॉइटहॉयसर यांनी त्या वर्षी मांडलेल्या युग्मन सिद्धांतात स्थिर संरचनेतील अल्प बदलांतून गतीतील प्रचंड बदल निष्पन्न होतात. त्याच वर्षी फ्रेडरिकसन व अँडरसन यांनी असे प्रारूप सादर केले, की ज्यात संरचना क्षुल्लक असूनही केवळ हालचालींवरील निर्बंधांमुळे गती मंदावते.

पुढे संगणकीय प्रतिरूपणामुळे हा वाद तपासणे शक्य झाले. द्रवाचे काही भाग जलद, तर काही संथ असतात, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले होते. विडमर-कूपर, हॅरोवेल व फायनेव्हर यांनी २००४ मध्ये अणूंची एकच आरंभीची मांडणी घेऊन त्यांना निरनिराळे वेग देत अनेक प्रतिरूपणे केली. कोठे हालचाल अधिक होईल, याचा कल मांडणीवर अवलंबून असल्याचे त्यातून आढळले. उलटपक्षी बर्तिए व तार्जुस यांनी २००९ मध्ये दाखवले, की अणूंमधील आकर्षण वगळले तरी जोडीनिहाय संरचना जवळपास तीच राहते. परंतु कमी तापमानाला गती मात्र पुष्कळ बदलते.

या कोड्याच्या उकलीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा मोलाचा सहभाग आहे. तेथील सारिका मैत्र भट्टाचार्य, तसेच श्रीकांत शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये याच दोन द्रवांची तुलना केली. जोडीनिहाय संरचनेतील सूक्ष्म फरक एंट्रॉपीच्या द्वारे गतीतील फरकावर प्रभुत्व गाजवतात. इतकेच नव्हे, तर त्याचा अंदाज वाजवीपेक्षा अधिक देतात. तीन वा अधिक अणूंच्या सहसंबंधांचा विचार केल्यावर तो अंदाज कमी होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. संरचना ‘सारखी’ दिसणे आणि सारखी असणे यांतील अंतर येथे उघड झाले.

समारोप :
२०१५ नंतर यंत्रशिक्षणाच्या पद्धतींनी स्थानिक मांडणीवरून हालचालीचे भाकीत करण्यात लक्षणीय यश मिळवले आहे. संरचनेत गतीविषयी माहिती दडलेली असते, हे त्यातून सिद्ध होते. पण भाकीत म्हणजे कारणमीमांसा नव्हे. शतकभराच्या या वाटचालीत ‘संरचना’ या शब्दाचाच अर्थ जालरचना, भूमिती, विन्याससंख्या व सहसंबंध असा पालटत गेला. संरचना गती ठरवते की नाही, या प्रश्नाचे उत्तर संरचना कोणत्या मापाने मोजली यावर अवलंबून राहिले, हाच या इतिहासाचा बोध होय.