केस जिंकली की निम्मी जमीन वकिलाची?

मंडळी, तालुक्याच्या कोर्टाबाहेर बातमीसाठी फिरताना हा सौदा मी कितीदा ऐकलाय. "साहेब, फीला पैसे नाहीत. केस जिंकली की दोन एकर तुमच्या नावावर करून देतो." आज खिशातून काही जात नाही, म्हणून पक्षकार खूश. पण हा सौदा कायद्यात बसतो का? जरा मागे जाऊन बघू.

दुसऱ्याच्या दाव्यात पैसा घालून वाटा घेणं हा इंग्लंडात एकेकाळी गुन्हाच होता. आपल्याकडे तो इंग्रजी कायदा जसाच्या तसा लागू नाही, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं 1876 मध्ये बंगालच्या रामकुमार कुंडू खटल्यात सांगितलं. गरिबाला हक्कासाठी लढायला कुणी पैसे पुरवले आणि जिंकल्यावर वाटा घेतला, तर तेवढ्यावरून करार बाद होत नाही. मात्र त्यात लुबाडणूक दिसली, तर कोर्ट तो मानणार नाही.

ही मोकळीक पाहुण्या-रावळ्यांना आहे, सावकाराला आहे. वकिलाला नाही.

1954 साली मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं. निकालपत्रात त्यांचं नाव फक्त 'जी' एवढंच आहे. वसुलीतला 50 टक्के वाटा त्यांनी फी म्हणून लिहून घेतला होता. असा करार इतरांनी केला तर एकवेळ चालेल, पण वकिलानं केला तर ते व्यावसायिक गैरवर्तन, असं कोर्टानं ठरवलं. कारण उघड आहे. ज्याचा स्वतःचा वाटा अडकलाय, तो तुम्हाला तडजोडीचा सरळ सल्ला कसा देणार?

पुढे बार कौन्सिलच्या नियमांतही हेच आलं. फी निकालावर ठरवायची नाही, मिळालेल्यात वाटा मागायचा नाही. स्वतः लढवलेल्या दाव्यातली मालमत्ता लिलावात निघाली, तर तीही घ्यायची नाही. 2017 मध्ये तेलंगणातल्या एका बाईंचं प्रकरण आलं. नवऱ्याच्या अपघाताच्या भरपाईत वकिलानं टक्केवारी मागितली होती. सुप्रीम कोर्टानं ती मागणी बेकायदा ठरवली.

आणि पक्षकारानं वकिलालाच जमीन विकली असेल तर? 1872 च्या पुरावा कायद्यात नेमकं हेच उदाहरण दिलंय. पक्षकार कोर्टात गेला, तर व्यवहार सचोटीचा होता हे वकिलानं सिद्ध करायचं. 2023 च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे.

फी हा वकिलाचा हक्कच आहे, ती बुडवू नका. पण रक्कम आधी ठरवा, पावती घ्या. कोऱ्या स्टँपवर सही नको, आणि कुलमुखत्यारपत्र वाचल्याशिवाय तर नकोच. पैसेच नसतील, तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. 1987 च्या कायद्यानुसार महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

गावात कुणाची जमिनीची केस चालू असेल, तर त्यांना हे एकदा वाचून दाखवा.