कोळंबीची कसोटी

सन १९९७ च्या ऑगस्ट महिन्यात युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या मासळीला आपली दारे बंद केली. त्यांचे तपासनीस आपल्याकडील काही कारखाने पाहून गेले होते आणि तेथील स्वच्छतेची व्यवस्था त्यांना समाधानकारक वाटली नव्हती. त्याच वर्षी १८ डिसेंबरपासून अमेरिकेतही मत्स्यान्नाविषयीचा नवा नियम अंमलात यावयाचा होता. कोची, वेरावळ, मुंबई, रत्नागिरी अशा बंदरांतील व्यापाऱ्यांना एकाच वर्षात दोन परीक्षांना बसावे लागले. त्या परीक्षांची पूर्वतयारी हा भारतीय खाद्योद्योगाच्या इतिहासातील एक बोधप्रद अध्याय आहे.

ह्या धंद्याचा आरंभ साधाच होता. गोठवलेली कोळंबी परदेशी पाठविण्यास कोचीहून सन १९५३ मध्ये सुरुवात झाली. मागणी वाढत गेली, तसे किनाऱ्यावर कारखाने उभे राहिले. परंतु कोळंबी सोलण्याचे काम बहुधा कारखान्यात होत नसे. ते आसपासच्या वस्त्यांतील लहानमोठ्या शेडमध्ये होई आणि ते करणारे हात प्रामुख्याने स्त्रियांचे असत. मासळी उतरविण्याच्या धक्क्यावरून शेडकडे, शेडमधून कारखान्याकडे, असा मालाचा प्रवास चाले. बर्फ कोणत्या पाण्याचा, सोलणारीने हात केव्हा धुतले, टोपली जमिनीवर टेकली की फळीवर, ह्याची नोंद कोणापाशीही नसे.

माल चांगला आहे हे ठरवावयाचे कसे? जुनी रीत अशी की, तयार मालातून नमुने काढावेत, ते प्रयोगशाळेत तपासावेत आणि उत्तीर्ण झाल्यास माल जहाजावर चढवावा. निर्यात मालाच्या गुणनियंत्रणाचा कायदा भारताने सन १९६३ मध्ये केला आणि त्याखाली निर्यात तपासणी परिषद स्थापन झाली. तथापि नमुन्याच्या परीक्षेत एक मूलभूत उणीव आहे. शिताची परीक्षा करून भात शिजला की नाही हे कळते, कारण साऱ्या भांड्याला आच एकच असते. रोगजंतूंचे तसे नाही. शंभर पेट्यांपैकी नव्व्याण्णव निर्दोष असून शंभराव्या पेटीत विषबाधेचे बीज असू शकते.

ही उणीव प्रथम तीव्रतेने जाणवली ती अंतराळवीरांसाठी अन्न तयार करताना. सन १९५९ च्या सुमारास अमेरिकेतील पिल्सबरी कंपनीकडे हे काम आले. अंतराळात कोणाला अन्नबाधा झाली तर वैद्य कोठून आणावा? शंभर टक्के खात्री पाहिजे होती, आणि नमुने तपासून ती मिळवावयाची तर बहुतेक माल परीक्षेतच संपून जाई. म्हणून हॉवर्ड बाउमन ह्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकी लष्कराच्या व अंतराळ संस्थेच्या साह्याने, प्रश्नच उलटा केला. माल तयार झाल्यावर दोष शोधण्याऐवजी तो कोठे शिरू शकतो ते आधीच शोधावे. ज्या टप्प्यावर त्याला निश्चित अडविता येईल तेथे मर्यादा आखावी. ती मर्यादा पाळली जाते की नाही हे सतत पाहावे आणि त्याची लेखी नोंद ठेवावी. ह्या पद्धतीला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘हॅसप’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांनी चालविलेल्या ‘कोडेक्स’ आयोगाने सन १९९३ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि पाहता पाहता ती जगाच्या व्यापाराची भाषा बनली.

भारताने ह्या भाषेतील नियम सन १९९५ मध्येच प्रसिद्ध केले होते. परंतु नियम राजपत्रात छापून येणे निराळे आणि ते कारखान्याच्या फरशीवर उतरणे निराळे. हे अंतर बंदीने एका फटक्यात उघडे केले.

मग कारखान्यांतून कामाची लगबग सुरू झाली. प्रथम वास्तूची रचना बदलावी लागली. कच्चा माल एका बाजूने आत यावा, तयार माल दुसऱ्या बाजूने बाहेर पडावा आणि वाटेत दोहोंची गाठ पडू नये, हे पहिले सूत्र. भिंती धुता येतील अशा केल्या, लाकडी फळ्या गेल्या आणि न गंजणाऱ्या पोलादाची टेबले आली. पाणी व बर्फ पिण्याच्या पाण्याच्या तोडीचे हवे म्हणून शुद्धीकरणाची यंत्रे बसली. दाराशी पाय बुडविण्याची कुंडी, हात न लावता उघडणारे नळ, डोक्याला टोपी, आणि आजारी कामगाराला त्या दिवशी मालापासून दूर ठेवण्याची शिस्त आली. शीतगृहाचे तापमान उणे १८ अंशांवर आहे की नाही हे ठराविक वेळी पाहून लिहून ठेवणे हे एक स्वतंत्र कामच होऊन बसले. पुढील काही महिन्यांत बंदीचे सरसकट स्वरूप गेले आणि तपासून मान्य झालेल्या कारखान्यांना एकेक करून वाट मोकळी झाली.

ह्या सुधारणेची किंमत मात्र सर्वांनी सारखी दिली नाही. सोलण्याचे काम कारखान्याच्याच आवारात, देखरेखीखाली आणण्याकडे कल वाढला. मोठ्या भांडवलाच्या कारखानदाराने कर्ज काढून नवी इमारत उभी केली. लहान शेडच्या मालकाला ते परवडणारे नव्हते. शेड बंद पडली की तेथे सोलणाऱ्या बाईची रोजी बुडे. आणि कारखाना दूर असला तर तेथवर जाणे घरची लेकरे सांभाळून तिला जमेलच असे नव्हते. परदेशी ग्राहकाच्या ताटाची सुरक्षितता आणि किनाऱ्यावरील चुलीची शाश्वती हे दोन्ही न्याय्य हक्क एकमेकांसमोर उभे राहिले. त्यांचा मेळ घालणे हे केवळ तपासनिसाचे काम नव्हे. ते राज्यकर्त्यांचेही आहे.

पुढे हा विचार निर्यातीपुरता राहिला नाही. भेसळ प्रतिबंधाच्या सन १९५४ च्या कायद्याची जागा सन २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली, आणि सन २०११ पासून परवान्यासाठी स्वच्छतेच्या अटी देशातल्या खाद्य व्यवसायांनाही लागू झाल्या. ‘आयएसओ २२०००’ हे आंतरराष्ट्रीय मानक सन २००५ मध्ये निघाले व सन २०१८ मध्ये सुधारले गेले. सुधारित मानकात कारखान्याच्या प्रमुखाच्या उत्तरदायित्वावर विशेष भर आहे. सन २०२० मध्ये कोडेक्सनेही आपल्या तत्त्वांत ‘अन्नसुरक्षेची संस्कृती’ ह्या कल्पनेला स्थान दिले. म्हणजे यंत्रापासून निघालेला विचार अखेर माणसापाशी येऊन पोचला.

ह्यातच पूर्वतयारीचे मर्म आहे. तपासनीस येणार म्हणून आदल्या रात्री भिंतींना चुना देता येतो. महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत लिहूनही काढता येतात. पण जी बाई कोणी पाहत नसतानाही हात धुऊन कोळंबीला हात लावते, आणि जो मालक तिच्यासाठी नळाला बारमाही स्वच्छ पाणी ठेवतो, त्या दोघांनी मिळून खरे प्रमाणपत्र लिहिलेले असते. भिंतीवर टांगलेला कागद ही त्याची केवळ नक्कल होय.